सांबराच्या मागे, वाघाच्या पुढे

सिलोनमधल्या इंग्रज शिकाऱ्यांनी सांबराला ‘एल्क’ म्हणायला सुरुवात केली. घरच्या थोराड हरणाचे नाव परक्या जनावराला चिकटवले, एवढेच. वऱ्हाडात सांबर ते सांबरच राहिले. पण अमेरिकेतल्या एल्कच्या शिकारीत जो धोका, तोच मेळघाटात होता. तिथे नर एल्कची साद काढून बसलेल्या माणसापुढे कधी अस्वलच येऊन उभे राहते. इथे सांबराच्या मागे वाघही असे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे मेळघाटचे जंगल राखीव झाले आणि शिकार परवान्याची झाली. मेळघाटाला लागून असलेल्या निमाडात काम केलेल्या कॅप्टन फॉर्सिथचे सातपुड्यावरचे पुस्तक १८७१ साली निघाले. त्या काळच्या तोंडाने भरायच्या बंदुकीचा बार उडाला की काळ्या दारूचा धूर समोर दाटे. म्हणून पहिला नियम: सांबर पडले तरी जागचे हलायचे नाही, आधी बंदूक भरायची. पडलेल्या जनावराकडे धावत सुटणारा शिकारी रिकाम्या हातांनी धावत असे. दुसरा नियम जखमी वाघाचा: लगेच माग काढायचा नाही. गावच्या म्हशींचा कळप झुडपांत घालायचा. वाघाचा वास लागला की म्हशी फुरफुरत एकवटतात आणि वाघ कुठे आहे ते कळते. ही युक्ती मला फार हुशारीची वाटते. म्हशी मात्र साहेबाच्या नसत.

मचाणही तसेच. झाडावर दहा-पंधरा फुटांवर साहेब बसे आणि खाली हाका निघे: ढोल, डबे, आरोळ्या. हाका सांबरासाठी असला तरी झाडीतून काय निघेल याचा भरवसा नसे. बाजूच्या झाडांवर बसवलेली माणसे खोडावर हलकेच ठोके देत, म्हणजे जनावर ओळीबाहेर जात नसे. सुरक्षितता होती, पण ती उंचीप्रमाणे वाटलेली होती. शिकारी ग्रंथांत शिंगांची लांबी इंचाच्या अपूर्णांकापर्यंत सापडते. हाक्यातल्या माणसाचे नाव क्वचितच.

कोरकूंचा हिशेब वेगळा. त्यांच्या भाषेत वाघ म्हणजे कुला. त्याला ते कुलामामा म्हणून पुजतात. मामाशी भाच्याने किती सलगी करावी हे ठरलेलेच असते. सेमाडोहकडचा एक म्हातारा मला म्हणाला, “वाघाले आपन आलो ते कयते, तो बाजूले होते. अस्वलाले कयत नाई, अन् मंग ते आंगावर येते.” मोहफुले वेचायला पहाटे जाणाऱ्या बायकांनाही हेच ठाऊक असते, त्या मोठ्याने बोलत चालतात.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि लगेचच आलेल्या व्याघ्रप्रकल्पाने हे सारे संपवले. मचाणे राहिली, ती उन्हाळ्यात पाणवठ्यावर प्राणी मोजायला.

माझे आजोबा अकोटकडचे. पोरवयात नरनाळ्याच्या पायथ्याशी ते हाक्याला गेले होते. साहेब कोण होता हे त्यांना आठवत नसे. हाका सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपले झाड हेरून ठेवायचे, हे त्यांना सांगितलेले होते. त्यांच्या वाट्याला धावडा आला. धावड्याचे खोड गुळगुळीत, पाय ठरत नाही. शेजारच्या मोहावर आधीच दोघे चढले होते. त्यांनी आजोबांना हाताला धरून वर ओढले. खालून काय गेले ते तिघांपैकी कुणीच पाहिले नाही.