उड्डाणाचा शब्द

विमान आकाशांत चढतांना पाहिलें म्हणजे आपली दृष्टि वैमानिकाकडे जाते. ज्याच्या परवानगीवांचून त्यानें विमान हलवूं नये, त्या मनोऱ्यांतील नियंत्रकाची आठवण क्वचितच होते. या पदाचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंत सेंट लुईस येथें १९२९ सालीं आर्ची लीग नांवाचे गृहस्थ हातगाडीवर खुर्ची, छत्री व निशाणें घालून विमानतळावर जाऊन बसत. तांबडें निशाण दिसलें कीं वैमानिकानें थांबावें, चौकटीचौकटीचें दिसलें कीं निघावें. ही व्यवस्था आज बाळबोध वाटेल. परंतु त्या निशाणांचे दोन अर्थ होत नसत.

पुढें निशाणांची जागा रेडिओनें घेतली व आज्ञा शब्दांत आली. शब्दांबरोबर संदिग्धताही आलीच.

२७ मार्च १९७७ रोजीं कॅनरी बेटांपैकीं तेनेरीफच्या लॉस रोदेओस विमानतळावर दाट धुकें होतें. के.एल.एम. कंपनीचें बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाशीं उड्डाणास सज्ज उभें होतें. पॅन अ‍ॅम कंपनीचें तसलेंच विमान त्याच धावपट्टीवरून हळूहळू येत होतें. मनोऱ्यांतून दोन्ही दिसत नव्हतीं, आणि जमिनीवरील विमानें दाखविणारें रडार तेथें नव्हतें. नियंत्रकानें डच विमानास पुढचा मार्ग सांगितला. त्यांत ‘टेकऑफ’ हा शब्द आला. ती मार्गाची परवानगी होती, उड्डाणाची नव्हे. तरीही मुख्य वैमानिकानें विमान सोडलें. सहवैमानिकानें ‘आम्ही आतां टेकऑफवर आहोंत’ अशा अर्थाचें कांहीं कळविलें. नियंत्रक समजला, विमान जागींच उभें आहे. मनोऱ्यांतला माणूस स्पॅनिश, वैमानिक डच, आणि भाषा दोघांसही परकी इंग्रजी! ‘ओके’ म्हणून त्यानें थांबावयास सांगितलें. पण त्याच क्षणीं पॅन अ‍ॅमचा वैमानिकही बोलूं लागला. डच विमानांत ‘ओके’ स्पष्ट ऐकूं गेलें, पुढचें सारें कर्कश शिट्टींत बुडालें. ५८३ माणसें प्राणास मुकलीं.

परवानगी नसतां निघणें हा अपराध खराच. पण सारें खापर एका मृत वैमानिकाच्या माथीं फोडून भागण्यासारखें नव्हतें. शब्दही दोषी होता. म्हणून पुढें दंडक झाला कीं, ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देतांना किंवा ती रद्द करतांनाच नियंत्रकानें उच्चारावा. एरवीं ‘डिपार्चर’ म्हणावें. वैमानिकानें नुसतें ‘ओके’ म्हणून चालत नाहीं. मिळालेली परवानगी त्यानें परत म्हणून दाखवावी व नियंत्रकानें ती कान देऊन पडताळावी. मुंबईहून निघणाऱ्या विमानासही हाच नियम लागू आहे.