छापून दिलेला शब्द : व्हिक्टोरिया राणीच्या काळातील जाहिराती

आपल्या मंडळाची वार्षिक स्मरणिका हाती येताच बहुतेक ज्ञातिबांधव प्रथम वधूवर-सूची उघडतात, नंतर गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे पाहतात आणि सवड मिळाल्यास लेखांकडे वळतात. जाहिरातींची पाने कोणी वाचीत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही, हे मला तीन वर्षांपूर्वी चांगलेच कळून चुकले.

त्या वर्षी जाहिरातींचा मजकूर तपासून देण्याचे काम मंडळाने मजकडे सोपविले होते. एका ज्ञातिबांधवांच्या मसाल्यांच्या जाहिरातीत अर्धे पान पुरते भरेना. तेव्हा शोभा यावी म्हणून ‘पसंत न पडल्यास पैसे परत’ ही ओळ मी माझ्याच बुद्धीने तीत घातली. पुढे दोन महिन्यांनी एक वृद्ध भगिनी ती स्मरणिका पिशवीत घालून माझ्या घरी आल्या. मसाला त्यांस पसंत पडला नव्हता, आणि दुकानातील नोकराने ‘आजी, जाहिरातीत असे लिहायचेच असते’ असे सांगून त्यांची बोळवण केली होती. ‘गुरुजी, छापलेलेही खोटे असते का हो?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. पस्तीस वर्षे मुलांस छापील अक्षरांवर विश्वास ठेवावयास शिकविलेल्या मजजवळ त्याचे उत्तर नव्हते.

हाच प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडातील एका गृहिणीने न्यायालयापुढे मांडला होता. तिची हकीकत सांगण्यापूर्वी त्या काळाची थोडी ओळख करून घेणे इष्ट होईल.

राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ पासून १९०१ पर्यंत, म्हणजे तब्बल ६३ वर्षांची. ती गादीवर आली तेव्हा वर्तमानपत्रात जाहिरात देणे ही चैनीची बाब होती, कारण १७१२ पासून इंग्लंडात प्रत्येक जाहिरातीवर सरकारी कर असे. १८३३ मध्ये तो साडेतीन शिलिंगांवरून दीड शिलिंगावर आला आणि १८५३ मध्ये अजिबात रद्द झाला. त्यामागोमाग १८५५ मध्ये वर्तमानपत्रांवरील मुद्रांकशुल्क गेले व १८६१ मध्ये कागदावरील करही उठला. वर्तमानपत्रे स्वस्त झाली, वाचक वाढले, आणि वाचकांपाठोपाठ जाहिराती आल्या. विशेष म्हणजे ज्या १८५३ साली जाहिरातींवरील कर गेला, त्याच साली साबणावरील करही गेला. पुढील अर्धशतकात या दोहोंची जोडी किती घट्ट जमली, ते आपण पाहणारच आहोत.

वर्तमानपत्रांबाहेरही जाहिरातींचा सुळसुळाट कमी नव्हता. लंडनच्या भिंतींवर रात्रीतून भित्तिपत्रके चिकटविली जात, आणि सकाळी दुसऱ्याची माणसे येऊन त्यांवर आपली चिकटवीत. पुढे एक व पाठीवर एक अशा दोन फळ्या गळ्यात अडकवून गरीब मजूर दिवसभर रस्त्यांतून हिंडत. आगगाड्यांची स्थानके झाली, तेव्हा त्यांच्या भिंतीही भरून गेल्या. हे सर्व इतके वाढले की, १८९३ मध्ये जाहिरातींच्या अतिरेकास आळा घालण्यासाठी तेथे एक संस्थाच स्थापन झाली व १९०७ मध्ये तसा कायदाही झाला.

ज्या मालाच्या या जाहिराती होत्या, तो एकत्र पाहावयास मिळाला तो १८५१ च्या लंडन येथील जागतिक प्रदर्शनात. जोसेफ पॅक्स्टन याने हाइड पार्कमध्ये लोखंड व काच यांचा भव्य महाल उभारला. तोच प्रसिद्ध ‘क्रिस्टल पॅलेस’. वाफेची यंत्रे, माग, नांगर, कुलुपे, चिनी मातीची भांडी, आपल्याकडून गेलेला कोहिनूर हिरा, सारे तेथे मांडलेले होते. मे ते ऑक्टोबर या काळात ६० लाखांवर प्रेक्षक आले. मालावर किंमत लिहावयाची नाही, असा तेथील नियम होता. म्हणजे वस्तू विकावयाची नव्हती, नजरेत भरवावयाची होती. तेथे मिळालेल्या पदकांची चित्रे कारखानदार पुढे वर्षानुवर्षे आपल्या किंमतपत्रकांवर छापीत राहिले.

त्याच प्रदर्शनाच्या दिवसांत घडलेली एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. पिकॅडिली रस्त्यावर ब्रामा या कुलूप करणाऱ्यांचे दुकान होते. त्यांच्या खिडकीत कित्येक दशके एक कुलूप ठेवलेले असे, आणि किल्लीवाचून ते उघडणाऱ्यास २०० गिनी इनाम मिळेल, अशी पाटी त्यासोबत होती. (एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग.) याहून चांगली जाहिरात ती कोणती? प्रदर्शनासाठी आलेला हॉब्ज नावाचा अमेरिकन कारागीर पुढे झाला. चब कंपनीचे नामांकित कुलूप त्याने आधीच पंचवीस मिनिटांत उघडून दाखविले होते. ब्रामांच्या कुलपाशी मात्र तो सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास झटत होता. अखेर कुलूप उघडले. दुकानदारांनी त्याच्या पद्धतीविषयी कुरकूर केली, परंतु पंचांनी निर्णय दिला आणि २०० गिनींची रक्कम हॉब्जला मिळाली. पाटीवरील शब्द पाळला गेला. आणि नवल असे की, यामुळे त्या पेढीचे नाव बुडाले नाही. ज्या कुलपास निष्णात माणसालाही एकावन्न तास लागतात, ते चोराच्या हाती काय लागणार, असे लोकांनी मानले असल्यास आश्चर्य नाही.

दुसरे उदाहरण खाण्यापिण्याच्या वस्तूंचे. त्या काळी भेसळीचा कहर होता. डॉ. हॅसॉल यांनी १८५१ पासून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सूक्ष्मदर्शकाने तपासलेल्या नमुन्यांचे अहवाल दुकानदारांच्या नावांसह छापले आणि मोठीच खळबळ उडाली. कोकोच्या भुकटीतही पिठूळ पदार्थ मिसळण्याचा रिवाज होता व कॅडबरी बंधूंचा मालही त्यास अपवाद नव्हता. १८६६ मध्ये त्यांनी कोकोतील जादा स्निग्धांश यंत्राने काढून टाकला, तेव्हा पिठाची गरजच उरली नाही. मग त्यांनी ‘शुद्ध’ या एका शब्दावर आपली सारी जाहिरात उभारली. आधी माल सुधारला, मग शब्द छापला, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १८७५ मध्ये अन्न व औषधे यांच्या विक्रीविषयीचा कायदा झाल्यावर या शब्दास आणखी वजन आले.

सर्वांचाच क्रम असा नव्हता. बीचम यांच्या गोळ्यांची डबी ‘एका गिनीच्या मोलाची’ आहे, असे जाहिराती सांगत. विकली मात्र जाई एक शिलिंग दीड पेन्सला. म्हणजे गिऱ्हाइकास वाटे, एकवीस शिलिंगांची वस्तू सव्वा शिलिंगाच्या आत पदरी पडली! पुढे १९०९ मध्ये ब्रिटिश वैद्यक संघाने गुप्त औषधांची रासायनिक तपासणी करून पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात डबीतील छप्पन्न गोळ्यांच्या द्रव्यांचा खर्च अर्धा फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा आठवा हिस्सा, इतका निघाला. हिशेब केल्यास विक्रीची किंमत द्रव्यांच्या किमतीच्या एकशे आठ पट होते. जपमाळेतही मणी एकशे आठच असतात. परंतु तेथे प्रत्येक मण्यास एक नाम तरी घेतले जाते.

आता साबणाकडे वळू. पेअर्स साबणाच्या पेढीत १८६० च्या सुमारास नाही तर त्या दशकाच्या मध्यावर टॉमस बॅरट हा तरुण शिरला, मालकाचा जावई झाला, आणि जाहिरातशास्त्राचा जनक म्हणून त्याचे नाव झाले. नामवंत चित्रकार मिले याने १८८६ मध्ये आपल्या नातवाचे साबणाचे फुगे उडवितानाचे चित्र काढले. बॅरटने त्याचे हक्क मिळविले, चित्रात साबणाची एक वडी दाखल केली, आणि ते घरोघर पोहोचविले. कला बाजारात विकावी काय, यावर मोठा वाद माजला. तो नातू पुढे आरमारात अॅडमिरल झाला, तरी लोक त्यास ‘बबल्स’ म्हणूनच ओळखीत. बॅरटचा प्रतिस्पर्धी विल्यम लीव्हर याने आपला सनलाइट साबण १८८४ मध्ये बाजारात आणला व १८८८ पर्यंत त्याच्या पेट्या कलकत्ता बंदरात उतरूही लागल्या. वडीवर ‘इंग्लंडात तयार केलेला’ अशी अक्षरे कोरलेली असत.

याच पेअर्सची १८८० च्या दशकातील एक जाहिरात पाहून मात्र मन खिन्न होते. तीत दोन चित्रे आहेत. पहिल्यात एक गोरा मुलगा एका काळ्या मुलास टबात बसवून साबण दाखवीत आहे. दुसऱ्यात त्या काळ्या मुलाचे अंग गोरे झाले आहे, फक्त चेहरा तेवढा काळा राहिला आहे. साबणाने मळ जातो, वर्ण जात नाही, हे छापणारासही ठाऊक होते. परंतु काळा वर्ण हाच मळ होय, ही शिकवण त्यातून लाखो घरांत पोहोचली. औषध खोटे निघाल्यास नुकसानभरपाई मागता येते. या खोट्याची भरपाई कोणत्या न्यायालयात मागावी? आपल्या वधूवर-सूचीत आजही ‘गोरी वधू पाहिजे’ असे छापले जाते, तेव्हा ही अनिष्ट शिकवण केवळ परदेशी होती असे म्हणून आपणांस हात झटकता येणार नाहीत.

आता त्या गृहिणीची हकीकत. १८८९ च्या अखेरीपासून युरोपात इन्फ्लुएन्झाची साथ पसरली होती. त्या भीतीच्या दिवसांत लंडनच्या एका कंपनीने ‘कार्बॉलिक स्मोक बॉल’ नावाची वस्तू विकावयास काढली. रबरी चेंडूत कार्बॉलिक आम्लाची पूड भरलेली. चेंडू दाबला की नळीवाटे ती नाकात जाई. किंमत दहा शिलिंग. १३ नोव्हेंबर १८९१ च्या ‘पॅल मॅल गॅझेट’मध्ये कंपनीने जाहीर केले की, ही वस्तू सूचनेप्रमाणे दिवसातून तीन वेळा याप्रमाणे दोन आठवडे वापरूनही ज्यास इन्फ्लुएन्झा होईल, त्यास १०० पौंड देऊ, आमच्या सचोटीची खूण म्हणून १००० पौंड बँकेत ठेवले आहेत.

श्रीमती लुइझा कार्लिल यांनी ती जाहिरात वाचून २० नोव्हेंबरास एक चेंडू विकत घेतला. पुढे जवळजवळ दोन महिने त्यांनी तो न चुकता दिवसातून तीनदा वापरला, आणि १७ जानेवारी १८९२ रोजी त्यांस इन्फ्लुएन्झा झाला. त्यांचे यजमान वकिलीच्या व्यवसायात होते. त्यांनी पत्रे लिहिली. कंपनीने दाद दिली नाही. प्रकरण न्यायालयात गेले. कंपनीच्या वतीने उभे राहिलेले अॅस्क्विथ हे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले. यावरून वादाचे महत्त्व ध्यानी यावे.

कंपनीचे म्हणणे असे : ही तर केवळ जाहिरातीतील फुशारकी, साऱ्या जगाशी करार कसा होईल? आणि बाईंनी आपला स्वीकार आम्हांस कळविला तरी कोठे होता? डिसेंबर १८९२ मध्ये अपील न्यायालयाच्या तिन्ही न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला. साऱ्या जगापुढे प्रस्ताव मांडता येतो, आणि जो त्यातील अटी पुऱ्या करील त्याच्याशी करार होतो. अटी पाळणे हाच स्वीकार. निराळे पत्र लिहिण्याची गरज नाही. आणि फुशारकीच होती, तर बँकेत १००० पौंड ठेवल्याचे कशासाठी सांगितले? श्रीमती कार्लिल यांस १०० पौंड मिळाले. कंपनीने मात्र यातून निराळाच बोध घेतला. १८९३ मध्ये नव्या जाहिरातीत इनाम २०० पौंडांचे झाले, पण अटींची संख्याही त्याबरोबर वाढली!

आपल्या देशातील १८७२ च्या करार कायद्याच्या आठव्या कलमात, प्रस्तावातील अटींची पूर्तता म्हणजेच स्वीकार, हे तत्त्व आधीच आलेले आहे. तरीही कार्लिलबाईंचा खटला आपल्या विधी महाविद्यालयांत आजही शिकविला जातो. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे ‘जाहिरातीत असे लिहायचेच असते’ हे उत्तर इंग्लंडात १८९२ सालीच निकालात निघाले होते.

असो. त्या वृद्ध भगिनींस घेऊन मी दुसऱ्या दिवशी दुकानी गेलो. मालक स्वतः गादीवर होते. ती ओळ त्यांची नव्हे, माझी, हे मी कबूल केले आणि मसाल्याचे पैसे माझ्या खिशातून पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. गल्ल्यातून पैसे काढून आजींच्या हाती ठेवीत ते म्हणाले, ‘गुरुजी, ओळ तुमची असेल, पण तिच्याखाली नाव माझ्या दुकानाचे होते.’

मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्यास अपील न्यायालयाच्या निकालाचा अर्थ याहून सोप्या शब्दांत सांगता आला नसता. यंदाही जाहिरातींचा मजकूर मजकडेच आला होता. जाहिरातदार बंधुभगिनींच्या मजकुरात मी या खेपेस एक अक्षरही वाढविलेले नाही. तीन ठिकाणी मात्र दूरध्वनी करून ‘हा शब्द आपण पाळाल ना?’ असे विचारले. दोघांनी होय म्हटले, एकाने ओळ काढावयास सांगितली. ज्ञातिबांधवांनी ती पाने अवश्य वाचावीत, ही नम्र विनंती.