नखाएवढ्या बिल्ल्याची पारख

टोपीवरचा बिल्ला सैनिकाला पलटणीकडून मिळे. त्याचीच नखाएवढी प्रतिकृती मात्र तो पदरच्या पैशाने जवाहिऱ्याकडून घेई आणि आईच्या, बहिणीच्या किंवा ठरलेल्या बायकोच्या हाती ठेवून आघाडीवर जाई. इंग्रजांनी तिला ‘स्वीटहार्ट ब्रोच’ म्हटले. ही वस्तू सरकारी कधीच नव्हती, त्यामुळे ताडून पाहायला सरकारी नमुनाही नाही. म्हणून ती खरी की खोटी, यापेक्षा ती केव्हाची, हाच प्रश्न संग्राहकाने विचारावा. त्याचा माग काढत आपण थोडे मागे जाऊ.

इंग्लंडात सरदारांचे आश्रित धन्याचे चिन्ह छातीवर मिरवत. 1483 मध्ये तिसऱ्या रिचर्डने मुलाच्या युवराजपदाच्या सोहळ्यासाठी रानडुकराचे तेरा हजार बिल्ले मागवले, ते जाड्याभरड्या कापडाचे. बड्या असामींना तेच चिन्ह धातूत मिळे. 2009 मध्ये बॉसवर्थच्या शेतांत सोन्याचा मुलामा दिलेले चांदीचे एक चिमुकले रानडुक्कर सापडले आणि रिचर्ड जिथे पडला त्या रणभूमीची जागा ठरवायला त्याचा आधार झाला. 1965 मध्ये डन्स्टेबलच्या मठाच्या उत्खननात निघालेला, सोन्यावर पांढरी मीनाकारी केलेला हंस तर साधारण 1400 सालचा. जेमतेम सव्वा इंचाचा. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

अशा वस्तूंची हौस वाढली तशी बनावटही आली, आणि तिची कथा मोठी गमतीची आहे. 1857 च्या सुमारास लंडनमध्ये थेम्सच्या चिखलात जुनेपाने धुंडाळणारे विल्यम स्मिथ आणि चार्ल्स ईटन हे दोन निरक्षर मजूर शिशाचे ‘मध्ययुगीन’ बिल्ले ओतू लागले. शॅडवेलला गोदीचे खोदकाम चालू होते. माल तिथलाच, अशी थाप. अक्षरे निरर्थक, आणि अकराव्या शतकातल्या तारखा चक्क आजच्या आकड्यांत, जे तेव्हा युरोपात रुळलेलेच नव्हते! तरीही या बिल्ल्यांवरून 1858 मध्ये झालेल्या खटल्यात चार्ल्स रोच स्मिथसारख्या नामवंत पुराणवस्तुतज्ज्ञाने हे बिल्ले अस्सल असल्याची साक्ष दिली. 1861 मध्ये चार्ल्स रीड यांनी साचेच मिळवले, तेव्हा बिंग फुटले. आज ‘बिली अँड चार्ली’च्या त्या नकलांचेही स्वतंत्र संग्राहक आहेत, आणि नकलांच्या नकलाही निघतात.

पुढे 1881 च्या फेररचनेत ब्रिटिश पायदळाच्या पलटणींचे क्रमांक जाऊन नावे आली, चिन्हे नव्याने ठरली. पहिल्या महायुद्धात घराघरांतून माणसे आघाडीवर गेली आणि चांदी, शिंपला, कासवाची पाठ, मीनाकारी अशा नाना रूपांत या छोट्या बिल्ल्यांचा पूर आला. त्यांची पारख मागच्या बाजूने सुरू होते. बिल्ला पालथा करून भिंगाखाली धरावा. पातळ पत्र्यावर ठसा मारलेला असेल, तर पुढचा उठाव मागे खोलगट उमटलेला दिसतो. ओतीव नकलेच्या कडा बोथट, अंगावर बुडबुड्यांची बारीक छिद्रे, आणि धातू निवताना आकसल्याने माप मूळ नगापेक्षा किंचित कमी. चांदी असेल तर बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाचा जहाजी नांगर आणि शेजारचे वर्षाक्षर शोधावे. खरी पंचाईत होते ती जुन्याच ठशावरून पुन्हा मारलेल्या नगांची. तिथे नक्षी निर्दोष असते, धातूचा रंग, पिनेची आकडी आणि झीज मात्र नवी.

सर्वांत बोलका पुरावा बिल्ल्यावरच्या मुकुटाचा. 1901 नंतरच्या ट्यूडर मुकुटाच्या कमानी गोलसर फुगलेल्या; 1953 च्या सुमारास एलिझाबेथच्या काळात आलेल्या सेंट एडवर्ड मुकुटाच्या कमानी मध्यभागी खचलेल्या. आपल्या मराठा पलटणीचे उदाहरण घेऊ. ‘फिफ्थ महरट्टा लाइट इन्फंट्री’ हे नाव 1922 च्या फेररचनेतले, आणि 26 जानेवारी 1950 ला भारत प्रजासत्ताक झाल्यावर लष्करी चिन्हांवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. या नावाच्या बिल्ल्यावर खचलेल्या कमानींचा मुकुट दाखवून कोणी ‘आजोबांच्या पेटीतला’ म्हणाले, तर पाकीट खिशातच राहू द्यावे.

ब्रिटिश बिल्ल्यांसाठी मात्र ही कसोटी आता एकटी पुरत नाही. 2022 मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या चार्ल्सने पुन्हा ट्यूडर धाटणीचाच मुकुट निवडला आहे.