गोलच्या खांबांची पूजा

कलकत्त्यास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला वर्षातून दोन पाडवे येतात. पहिला आपला, चैत्र शुद्ध प्रतिपदेचा. तो घरातल्या घरात, गुढीसाठी काठी कोठे मिळेल आणि कडुनिंबाचा पाला कोण आणील या विवंचनेत पार पडतो. दुसरा ‘पोइला बैशाख’, एप्रिलच्या मध्यावर येणारा. त्या दिवशी बंगाली व्यापारी ‘हालखाता’ म्हणजे नवी खातेवही उघडतो, गिऱ्हाइकांना मिठाई देतो, आणि सारे शहर नवे कपडे घालून रस्त्यावर येते. मात्र त्याच सकाळी मैदानावर जे घडते त्याची वार्ता आपल्या मंडळींपर्यंत सहसा पोहोचत नाही. फुटबॉलच्या क्लबांतून त्या दिवशी ‘बारपूजा’ होते. गोलच्या उभ्या खांबांस व वरच्या आडव्या दांडीस हार घालतात, भटजी मंत्र म्हणतात, खेळाडू आणि चालक हात जोडून उभे राहतात, आणि कुंपणाबाहेर व आत मिळून शेकडो माणसे ते पाहत असतात. सामना नाही, प्रतिपक्ष नाही, गोल नाही. तरीही पाहणारा तल्लीन!

आम्ही हा सोहळा प्रथम पाहिला तो कचेरीतील एका वयस्क बंगाली सहकाऱ्याच्या आग्रहाने. आम्हांस तत्क्षणी आठवण झाली ती खंडेनवमीच्या शस्त्रपूजेची. तसे आम्ही बोलून दाखविताच ते गृहस्थ म्हणाले, “पण तुमची शस्त्रे पूजेनंतर पुन्हा घरात ठेवतात. आमचे उद्यापासून रोज सकाळी बाहेर येणार.” त्यांच्या बोलण्याचा अर्थ कळावयास आम्हांस एक हंगाम जावा लागला. त्यांच्या दृष्टीने फुटबॉलचे वर्ष पहिल्या सामन्याने सुरू होत नसे. पूजेपासून पहिल्या सामन्यापर्यंतचे जे सरावाचे आठवडे, तेच त्यांना खरे प्रिय. कोण नवा आला, कोणाचे पोट सुटले, कोणाचा डावा पाय अद्याप दुखावलेला आहे, हे सारे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नाही त्याला सामन्यात ओरडण्याचा अधिकार नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. हा अधिकार आला कोठून आणि आता तो कोठे चालला आहे, हे सांगण्याचा येथे उद्देश आहे.

प्रथम जागेचा विचार केला पाहिजे. पलाशीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा तोफांच्या माऱ्यास आडोसा राहू नये म्हणून सभोवारचे रान तोडून मोकळी जागा राखली. तेच हे मैदान. जमीन आजही लष्कराच्या ताब्यात आहे. तेथे पक्के बांधकाम करावयाचे तर परवानगी लागते. म्हणूनच क्लबाच्या वास्तूस, तीत भिंती असोत, कपाटे असोत, चषकांची रांग असो, अद्याप ‘टेंट’, म्हणजे तंबू, असेच म्हणतात. वर्षानुवर्षे मैदानावर राहूनही कागदोपत्री तंबूतच! भाड्याच्या घरात आणि सरकारी क्वार्टरात आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्यांना या स्थितीचे मर्म वेगळे सांगावयास नको. पण या तात्पुरतेपणाचा एक लाभ झाला. उंच भिंती उठल्या नाहीत. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांची मैदाने एकमेकांपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर. डलहौसी चौकातील कचेऱ्याही फार दूर नाहीत. सकाळी सराव पाहून, लेबू-चा घेऊन, वेळेवर हजेरीपटावर सही करणारे कारकून येथे पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले. सामन्यांच्या वेळी ज्यांना तिकीट परवडत नसे ते किल्ल्याच्या उतारावर उभे राहत, अथवा पुठ्ठ्याचा पेरिस्कोप विकत घेऊन पुढच्यांच्या डोक्यांवरून खेळ पाहत. सरावाला ना तिकीट लागे, ना पेरिस्कोप.

१९११ ची कथा सर्वपरिचित आहे. तिची पुनरुक्ती नको. १८८९ साली स्थापन झालेल्या मोहन बागानने त्या वर्षी २९ जुलै रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली, अकरांपैकी दहा जण अनवाणी होते, शिबदास भादुरी व अभिलाष घोष यांनी गोल केले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. आमचे लक्ष जाते ते दुसऱ्या गोष्टीकडे. अकरावा, म्हणजे बूट घालणारा सुधीर चॅटर्जी, अध्यापक होता. अभिलाष घोष विद्यार्थी होता. दिवसाचे काम सांभाळून उरलेल्या वेळात, सर्वांच्या देखत, हा संघ तयार झाला. पलटणीच्या खेळाडूंचा सराव छावणीत चाले, यांचा लोकांत. त्या विजयाला जनतेने आपला मानले याची राजकीय कारणे आहेतच. परंतु ज्यांचा घाम रोज पाहिला त्यांचा विजय परका वाटत नाही, हेही कारण लहान नव्हे.

पूर्वतयारीने इतिहास कसा फिरतो याचे याहून लख्ख उदाहरण मोहमेडन स्पोर्टिंगचे आहे. कलकत्त्याची लीग १८९८ पासून चालू होती. पण १९३४ पर्यंत एकाही हिंदी क्लबाला ती जिंकता आली नव्हती. मोहमेडनच्या चालकांनी ओळखले की अनवाणी खेळाडू कोरड्या जमिनीवर चपळ असतो, पण हंगाम तर पावसाळ्याचा! चिखलात गोऱ्यांचे बूट रोवतात आणि आपले पाय घसरतात. त्यांनी ओल्या मैदानासाठी आपल्या खेळाडूंच्या पायांत बूट घातले, बंगालबाहेरून गुणी माणसे आणली, आणि १९३४ ते १९३८ अशी ओळीने पाच वर्षे लीग जिंकली. अनवाणी खेळण्याचा अभिमान मात्र इतरत्र बराच काळ टिकला. १९५२ साली हेलसिंकीस युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला, त्यानंतर बुटांची सक्ती झाली. अभिमान केव्हा हट्ट होतो हे मैदानावर फार लवकर उघडकीस येते.

‘बंगालबाहेरून’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. आपणां बदलीवाल्यांना यात रस वाटावा असे बरेच आहे. ईस्ट बंगाल हा क्लब १९२० साली जन्मला तोच मुळी डावलले जाण्याच्या रागातून. जोडाबागान संघातून शैलेश बोस या खेळाडूस ऐन वेळी वगळण्यात आले. त्याचा निषेध म्हणून त्या क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी बाहेर पडले आणि त्यांनी नवा क्लब काढला. फाळणीनंतर पूर्वेकडून घरदार टाकून आलेल्या लक्षावधी निर्वासितांना या क्लबाच्या नावात आपले गेलेले गाव सापडले. आता गंमत अशी, की त्यांच्या अतीव प्रेमाचे धनी झालेले १९४९ ते १९५३ चे ‘पंचपांडव’, व्यंकटेश, आप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह, हे पाचही जण दक्षिणेचे! बंगाली भाषेशी त्यांचा जन्माचा संबंध नव्हता. १९६६ साली हैदराबादेहून आलेला महंमद हबीब पुढे साऱ्या मैदानाचा ‘बडे मियाँ’ झाला. त्याने नोकरीचे आश्रय नाकारून केवळ खेळावर निर्वाह केला. १९७७ साली पेले कॉसमॉस संघासह ईडन गार्डन्सवर आला तेव्हा मोहन बागानकडून खेळताना या हबीबने गोल केला आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला. २०२३ च्या १५ ऑगस्टला हबीब वारला, तेव्हा आमचे सहकारी दिवसभर फायलींत मान घालून बसले होते. कोणाशी बोलले नाहीत.

हबीबचा मार्ग बहुतेकांना शक्य नव्हता. कायद्याने हे सारे हौशी खेळाडू. प्रत्यक्षात त्यांची चूल पेटे ती रेल्वे, बंदर, बँका यांसारख्या संस्थांतील नोकरीवर. कचेऱ्यांचे स्वतःचे संघही कमी नव्हते. पी. के. बॅनर्जी यांच्या ईस्टर्न रेल्वेने १९५८ साली तिन्ही बलाढ्य क्लबांना मागे टाकून लीग जिंकली. असा चमत्कार पुन्हा घडावयास २०१९ साल उजाडावे लागले, तेव्हा तो पीअरलेस संघाने केला. रेल्वेच्या त्या विजयाचा उल्लेख आमचे सहकारी असा करीत, की जणू त्यांच्याच विभागाने वार्षिक अहवाल मुदतीपूर्वी सादर केला आहे.

सरावाआधीचा एक अंक मात्र कुंपणाबाहेर घडे, आणि तो शुद्ध नाटकाचा असे. त्यास ‘दलबदल’ म्हणत. हंगामापूर्वी खेळाडूने सुटेरकिन रस्त्यावरील आयएफएच्या कचेरीत स्वतः जाऊन सही करावयाची, अशी रीत होती. प्रतिस्पर्धी क्लबाने पळवू नये म्हणून चालक आपल्या खेळाडूंना आधी काही दिवस लपवून ठेवीत. सहीच्या दिवशी रस्ता माणसांनी भरून जाई. गाडीतून कोण उतरतो ते पाहून एका बाजूस जयघोष आणि दुसऱ्या बाजूस शोक. १९८५ साली कृशानु दे मोहन बागान सोडून ईस्ट बंगालमध्ये गेला, त्याची जखम बागानवाल्यांच्या घरी अजून हळुवारपणेच हाताळावी लागते. लग्नघरात नवरदेव बदलावा तसा हा प्रकार. पण त्यातही सामान्य माणूस साक्षीदार होता.

प्रशिक्षकांच्या काळात सराव पाहणारे चिकित्सक बनले. अमल दत्त नोकरी सोडून इंग्लंडला शिकावयास गेले, परत येऊन पूर्णवेळ प्रशिक्षक झाले, आणि प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फुटबॉलचे चित्रपट दाखवीत हिंडले. पी. के. बॅनर्जी यांचे बळ वाणीत होते. खेळाडूंना चेतविण्याच्या त्यांच्या हातोटीला लोकांनी ‘व्होकल टॉनिक’ असे नाव ठेवले. १९९७ च्या हंगामारंभी या दोघांची गाठ पडली. दत्तांनी मोहन बागानला ‘डायमंड’ नावाची नवी आक्रमक रचना घोटविली होती. फेडरेशन चषकात तिच्या जोरावर चर्चिल ब्रदर्सवर सहा गोल चढले. शहरात दुसरा विषय नव्हता. १३ जुलै रोजी उपांत्य सामन्यास सॉल्ट लेकवर सव्वा लाखाहून अधिक माणसे लोटली, पी. केंच्या ईस्ट बंगालने ४-१ ने बाजी मारली आणि बायचुंग भुतियाने तीन गोल केले. कागदावरचा हिरा पाण्यात विरघळला, असे ईस्ट बंगालवाले आजही म्हणतात. बागानवाले म्हणतात, रचना बरोबरच होती. उभय पक्षांचा वाद ऐकण्याचे भाग्य आम्हांस जेवणाच्या सुटीत अनेकदा लाभले आहे.

आता चित्र पालटले आहे. क्लबांत गुंतवणूकदारांचे भांडवल आले. २०२० साली दोन्ही मोठे क्लब इंडियन सुपर लीगमध्ये गेले, २०२४ साली मोहमेडनही गेला. मोहन बागानच्या नावाआधी दुसऱ्या संघाची अक्षरे जोडली गेली, तेव्हा पाठीराख्यांनी ती काढून टाकण्यासाठी चळवळ केली, आणि २०२३ साली ती अक्षरे गेली. २०२१ च्या जुलैत गुंतवणूकदाराशी करारावरून ईस्ट बंगालच्या तंबूसमोर पाठीराखे जमले आणि त्यांना पोलिसांच्या लाठ्या खाव्या लागल्या. करार कोणाचा, क्लब कोणाचा, हा प्रश्न न्यायालयात कसा सुटेल ते आम्ही सांगू शकत नाही. परंतु ज्या माणसाने चाळीस वर्षे सकाळी उभे राहून संघ घडताना पाहिला, त्याचा हिस्सा कोणत्याही भागपत्रात नोंदलेला नसतो, आणि तो स्वतः मात्र तो आहे असे धरूनच चालतो.

सरावही पुष्कळदा मैदान सोडून दूर, दाराआड चालतो. परदेशी प्रशिक्षकास आपली रचना गुप्त ठेवावीशी वाटते. त्यात चूक काय? खेळाच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण पाहणारा हटत नाही. नवा खेळाडू मध्यरात्रीच्या विमानाने उतरणार असला, तर डमडमला झेंडे घेऊन पोरे हजर! सुटेरकिन रस्त्याची गर्दी विमानतळावर गेली, इतकेच.

हंगामाच्या तोंडाशी आता ड्युरँड चषक येतो. लष्कराची ही जुनी स्पर्धा २०१९ पासून कलकत्त्यात भरू लागली. २०२४ च्या १८ ऑगस्टला तीत मोहन बागान व ईस्ट बंगाल यांचा सामना व्हावयाचा होता. त्याच महिन्यात आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण महिला डॉक्टरची अमानुष हत्या होऊन शहर पेटून उठले होते. सुरक्षेच्या कारणास्तव सामना रद्द झाला. त्या संध्याकाळी सॉल्ट लेकच्या बाहेर दोन्ही क्लबांचे, आणि मोहमेडनचेही, पाठीराखे आपापले झेंडे घेऊन एकत्र उभे राहिले व न्यायाची मागणी करू लागले. पोलिसांनी बळ वापरले, काहींना धरून नेले. १९८० साली याच ऑगस्टच्या १६ तारखेस ईडन गार्डन्सवर या दोन क्लबांच्या सामन्यात दंगल होऊन सोळा प्रेक्षक प्राणास मुकले होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते दृश्य पाहून काय वाटले असेल! आम्ही सरकारी नोकर; घरी बसून दूरचित्रवाणीवर पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सहकारी कचेरीत आले ते आवाज बसलेला. आम्ही काही विचारले नाही. त्यांनी पाण्याचा पेला संपविला, चष्मा पुसला आणि जुन्या सवयीने विचारले, “मग, पोइला बैशाखला येणार ना?” आठ महिने अवकाश होता. आम्ही हो म्हटले. आणि एप्रिलात पूजेच्या सकाळी पोहोचलो तेव्हा ते कुंपणाशी आमच्या आधी येऊन उभे होते.