मिश्र सेंद्रिय खत

मिश्र सेंद्रिय खत म्हणजे वनस्पतिजन्य व प्राणिजन्य अशा दोन किंवा अधिक सेंद्रिय खतांचे, आणि आवश्यकतेनुसार जिप्सम, गाळ, राख यांसारख्या भूसुधारकांचे, जमिनीची व पिकाची गरज पाहून केलेले मिश्रण होय. शेणखत, लेंडीखत, निरनिराळ्या पेंडी, हाडांचा चुरा, साखर कारखान्यातील मळी, गांडूळखत आणि जिवाणू खते हे त्याचे प्रमुख घटक आहेत. एका खतातील उणीव दुसऱ्याने भरून काढणे, हळू व लवकर विघटन पावणारे पदार्थ एकत्र आणून पिकास दीर्घकाळ अन्नपुरवठा करणे आणि जमिनीचा पोत सुधारणे हे मिश्रणाचे तीन हेतू मानले जातात. घटकांची संख्या वाढविल्याने खत आपोआप अधिक गुणकारी होत नाही. मिश्रणाची योग्यता जमिनीच्या प्रकारावर अवलंबून असते.

संज्ञा

'खत' आणि 'भूसुधारक' या दोन संज्ञा व्यवहारात पुष्कळदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. तथापि त्यांत भेद आहे. खत मुख्यतः नत्र, स्फुरद, पालाश व सूक्ष्म अन्नद्रव्ये पुरविते. भूसुधारक जमिनीचे भौतिक किंवा रासायनिक गुणधर्म बदलतो, उदा. चोपण जमिनीसाठी जिप्सम, आम्लधर्मी जमिनीसाठी चुना, हलक्या मुरमाड जमिनीसाठी तलावातील गाळ. शेणखत व कंपोस्ट ही दोन्ही कामे करतात. ज्या खतांत अन्नद्रव्यांचे प्रमाण कमी असून जी मोठ्या प्रमाणावर घालावी लागतात त्यांस भरखते, तर पेंडी, हाडांचा चुरा, मासळीखत इत्यादींस जोरखते म्हणतात.

इतिहास

महाराष्ट्रातील खेड्यांत उकिरडा हेच मिश्र खताचे मूळ स्थान होते. गोठ्यातील शेण व मूत्राने भिजलेली माती, चुलीतील राख, वैरणीचे उष्टे, धसकटे व घरातील केरकचरा तेथे साठत असे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात डोंगरावरील कुजलेल्या पालापाचोळ्याचे व प्राण्यांच्या अवशेषांचे सत्त्व पावसाबरोबर वाहून वाया जाते याकडे लक्ष वेधले असून ते शेतात मुरावे यासाठी ताली व बंधारे घालण्याची सूचना केली आहे.

मिश्रणाला शास्त्रीय बैठक इंदूर येथे मिळाली. तेथील वनस्पती उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, मूत्रमिश्रित माती व राख यांचे थर देऊन आणि ढीग ठरावीक काळाने उलथून खत करण्याची पद्धत विकसित केली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. या विषयावरील १९३१ च्या इंग्रजी ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होते.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' पद्धतीचे नाव पडले. तीत १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशी जाळीदार विटांची टाकी बांधून सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण आणि सुमारे १,७५० किलो चाळलेली माती यांचे थर पाण्याने भिजवून भरतात. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. थोड्या शेणात पुष्कळ खत मिळत असल्याने ही पद्धत कमी जनावरे असलेल्या शेतकऱ्यांस सोयीची ठरली.

प्रमुख घटक

पुढील आकडे शेकडा प्रमाण दर्शवितात. ते सर्वसाधारण आहेत. जनावरांचा चारा, साठवण व ओलावा यांनुसार त्यांत फरक पडतो.

- शेणखत : नत्र ०.५, स्फुरद ०.२, पालाश ०.५
- शेळ्या-मेंढ्यांचे लेंडीखत : नत्र ३.०, स्फुरद १.०, पालाश २.०
- कोंबडखत : नत्र ३.०, स्फुरद २.६, पालाश १.४
- निंबोळी पेंड : नत्र ५.२, स्फुरद १.०, पालाश १.४
- एरंडी पेंड : नत्र ४.३, स्फुरद १.८, पालाश १.३
- भुईमूग पेंड : नत्र ७.३, स्फुरद १.५, पालाश १.३
- वाफवलेला हाडांचा चुरा : नत्र १ ते २, स्फुरद २५ ते ३०

यांशिवाय ताग, धैंचा व गिरिपुष्प यांसारखी हिरवळीची खते, तसेच रायझोबियम, अझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळविणारे जिवाणू मिश्रणात योजले जातात. निंबोळी पेंडीमुळे अमोनिआचे नायट्रेटमध्ये रूपांतर होण्याचा वेग मंदावतो आणि नत्र अधिक काळ टिकते. एरंडी पेंड जनावरांना विषारी असल्याने ती चाऱ्यापासून दूर ठेवावी लागते.

कर्ब-नत्र गुणोत्तर

मिश्रण कुजविताना कर्ब व नत्र यांचे गुणोत्तर सर्वांत महत्त्वाचे असते. विघटन करणारे सूक्ष्मजीव कर्बापासून ऊर्जा मिळवितात आणि नत्रापासून आपली शरीरे घडवितात. आरंभी हे गुणोत्तर २५ ते ३० : १ असल्यास कुजण्याची क्रिया चांगली चालते. ते फार जास्त असल्यास, उदा. केवळ भुसा किंवा कडब्याची धसकटे जमिनीत गाडल्यास, सूक्ष्मजीव जमिनीतील नत्र शोषून घेतात आणि पीक काही काळ पिवळे पडते. ते फार कमी असल्यास जादा नत्र अमोनिआच्या रूपाने हवेत निघून जाते. ढिगाचा उग्र वास हे त्याचे लक्षण होय.

मिश्रणाचे गुणोत्तर काढताना दोन पदार्थांच्या गुणोत्तरांची सरासरी घेणे चुकीचे ठरते. समजा, १०० किलो कोरड्या धसकटांत ४२ किलो कर्ब व ०.७ किलो नत्र (६० : १), आणि १०० किलो कोरड्या शेणात ३६ किलो कर्ब व १.८ किलो नत्र (२० : १) आहे. सरासरीने ४० : १ असे उत्तर येईल. प्रत्यक्षात एकूण कर्ब ७८ किलो व एकूण नत्र २.५ किलो होत असल्याने गुणोत्तर सुमारे ३१ : १ येते. म्हणून प्रथम कर्ब व नत्र यांची स्वतंत्र बेरीज करून मगच भागाकार करावा लागतो.

ढिगातील ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा. चांगल्या ढिगाचे तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या उष्णतेने तणांचे बी व बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. मात्र ढीग उलथून बाहेरचा भाग आत घेतला तरच हा परिणाम सर्वत्र होतो.

सुपा-पारनेर परिसर

सुपा हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात अहिल्यानगर-पुणे महामार्गावर वसलेले गाव आहे. पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील सुपे हे गाव वेगळे. पाणलोट विकासासाठी प्रसिद्ध असलेले राळेगण सिद्धी येथून जवळ आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. रब्बी ज्वारी, बाजरी, मूग, वाटाणा व कांदा ही येथील परिचित पिके होत.

येथील जमिनी बेसाल्ट खडकापासून बनलेल्या असून उथळ मुरमाड ते मध्यम काळ्या आहेत. अशा जमिनींत सामान्यतः सेंद्रिय कर्ब व नत्र कमी, पालाश पुरेसे, चुनखडीचे प्रमाण लक्षणीय आणि सामू विम्लधर्मी असतो. त्यामुळे अन्य प्रदेशांसाठी सांगितलेली मिश्रणे येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

कोकणातील जांभ्या जमिनी आम्लधर्मी असल्याने तेथे चुना, राख, हाडांचा चुरा व खनिज फॉस्फेट उपयुक्त ठरतात. सुप्यासारख्या चुनखडीयुक्त जमिनीत चुना घालण्याचे प्रयोजन उरत नाही आणि लाकडाच्या राखेचा मोठा वापर सामू आणखी वाढवितो. सामू वाढला की लोह व जस्त पिकास मिळेनासे होतात आणि कोवळी पाने पिवळी पडतात. हाडांचा चुरा व खनिज फॉस्फेट यांतील स्फुरदही येथे सहज विरघळत नाही. ते द्यायचेच असल्यास शेण किंवा मळीच्या ढिगात मिसळून कुजवून देणे श्रेयस्कर, कारण कुजताना निर्माण होणारी सेंद्रिय आम्ले स्फुरद मोकळे करण्यास साहाय्य करतात.

*मेंढ्या बसवणे.* या भागातील धनगर मेंढपाळांचे कळप शेतात रात्रभर बसविण्याची प्रथा जुनी आहे. त्याबद्दल शेतकरी मेंढपाळास धान्य किंवा पैसे देतो. लेंड्या व मूत्र दोन्ही जागेवरच पडत असल्याने वाहतुकीचा खर्च येत नाही. कळप उठल्यानंतर लवकर कुळवाची पाळी दिल्यास मूत्रातील नत्र हवेत उडून जात नाही.

*गाळ.* पाझर तलावांतील गाळ हलक्या जमिनीत पसरल्यास ओल धरून ठेवण्याची शक्ती वाढते. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. गाळ हा प्रामुख्याने भूसुधारक असल्याने त्यासोबत शेणखत द्यावे लागते. भारी काळ्या जमिनीत मात्र गाळ टाकल्यास निचरा बिघडण्याचा संभव असतो.

*मळी.* अहिल्यानगर जिल्हा सहकारी साखर कारखानदारीसाठी प्रसिद्ध असून प्रवरानगरचा कारखाना १९५० पासून सुरू आहे. गंधकप्रक्रियेच्या कारखान्यातील मळी विम्लधर्मी जमिनीस चालते. कार्बोनेशन प्रक्रियेच्या मळीत चुन्याचे प्रमाण जास्त असल्याने ती आम्लधर्मी जमिनीस अधिक योग्य असते.

रब्बीच्या पट्ट्यात कुजलेले खत पावसाळ्याच्या प्रारंभी पसरून जमिनीत मिसळण्याची रीत हितावह आहे. पावसाळ्याची ओल त्यास मिळते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पेरणीपर्यंत अन्नद्रव्ये मोकळी होऊ लागतात. खताचे ढीग शेतात उन्हात उघडे ठेवल्यास नत्राचा मोठा ऱ्हास होतो.

मात्रा ठरविण्याची रीत

प्रथम मृदा चाचणी, नंतर पिकाची गरज आणि शेवटी खतांची निवड, असा क्रम असावा. चाचणीची सोय राज्य कृषी विभागाच्या प्रयोगशाळांत व राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात आहे. केंद्र शासनाची मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ मध्ये सुरू झाली.

उदाहरणादाखल, एक हेक्टरास ५ टन शेणखत दिल्यास त्यातून २५ किलो नत्र, १० किलो स्फुरद व २५ किलो पालाश मिळते. त्यासोबत २५० किलो निंबोळी पेंड दिल्यास १३ किलो नत्र, २.५ किलो स्फुरद व ३.५ किलो पालाश यांची भर पडते. एकूण नत्र ३८ किलो होते. परंतु शेणखतातील नत्रापैकी सुमारे एक-तृतीयांशच पहिल्या हंगामात पिकास उपलब्ध होते; उरलेले पुढील हंगामांत मिळत राहते. म्हणून रासायनिक खते एकाच वर्षी पूर्णपणे बंद केल्यास उत्पन्न घटण्याचा धोका असतो. कोरडवाहू शेतकऱ्याला एका हंगामाची तूटही जड जात असल्याने हा बदल टप्प्याटप्प्याने करणे इष्ट ठरते.

हाच हिशेब अनेक घटकांच्या तयार पोत्यांनाही लावता येतो. १० किलोच्या पोत्यात ५ टक्के नत्र असेल, तर त्यातून केवळ अर्धा किलो नत्र मिळते. घटकांची यादी कितीही लांब असली तरी पुरवठा वजन व टक्केवारी यांच्या गुणाकाराहून अधिक होत नाही.

जीवामृताविषयीही हे ध्यानात ठेवावे लागते. सुभाष पाळेकर यांनी प्रसार केलेल्या या द्रावणात २०० लिटर पाण्यास १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी १ ते २ किलो गूळ व बेसन आणि मूठभर बांधावरची माती घालतात. एका एकरास देण्याच्या या द्रावणातील नत्र अर्ध्या किलोपेक्षाही कमी भरते. सूक्ष्मजीवांना चालना देणे हा त्याचा मुख्य हेतू असल्याने ते भरखताची जागा घेऊ शकत नाही.

एकत्र न करावयाचे पदार्थ

- चुना किंवा ताजी राख आणि शेण, मूत्र वा कोंबडखत : नत्र अमोनिआच्या रूपाने उडून जाते.
- जिवाणू खते आणि राख, चुना, रासायनिक खते किंवा बुरशीनाशके : जिवाणू मरतात.
- कच्चे शेण व पेंडी यांचे ओले मिश्रण रोपाच्या बुंध्याशी : कुजताना निघणारी उष्णता व अमोनिआ मुळांस इजा करतात.
- न कुजलेले शेणखत आणि उभे पीक : हुमणीच्या अळ्या व तणांचे बी शेतात येते.

कुंडीसाठी मिश्रण

कुंडीत मुळांना पसरण्यास जागा मर्यादित असल्याने चुका लवकर जाणवतात. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू वा नारळाचा भुसा हे साधे मिश्रण बहुतेक झाडांस पुरते. त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळता येते. अनेक जोरखते एकाच वेळी घातल्यास क्षार साचतात व पानांच्या कडा करपतात.

गुणवत्ता आणि कायदा

भारतात खतांची विक्री खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये नियंत्रित होते. सेंद्रिय व जिवाणू खतांचा त्यात २००६ मध्ये समावेश झाला. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी असावे, तसेच शिसे दर किलोस १०० मिलिग्रॅमपेक्षा व कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी अट आहे. जड धातू एकदा जमिनीत मिसळले की सहज काढता येत नाहीत, म्हणून या मर्यादांना महत्त्व आहे. खरेदी करताना पोत्यावरील घटकांचे प्रमाण, निव्वळ वजन व उत्पादकाचा तपशील पाहावा आणि पावती घ्यावी.

चांगले तयार झालेले खत गडद तपकिरी व भुसभुशीत असते, त्यास पहिल्या पावसातील मातीसारखा वास येतो आणि मूळ पदार्थ ओळखू येत नाहीत.

मर्यादा

सेंद्रिय खतांचाही अतिरेक होऊ शकतो. पिकाची नत्राची संपूर्ण गरज केवळ कोंबडखतातून भागविल्यास स्फुरद गरजेपेक्षा जास्त पडून वर्षानुवर्षे साचत जाते व त्यामुळे जस्ताची कमतरता उद्भवू शकते. जनावरांची घटती संख्या, शेणाचा जळणासाठी होणारा वापर आणि वाहतूक खर्च या व्यावहारिक अडचणी आहेत. त्यामुळे शेतातील धसकटे, तूरकाट्या व पालापाचोळा न जाळता कुजविणे, बांधावर गिरिपुष्प लावणे आणि कडधान्यांचा फेरपालट करणे हे बाहेरून अनेक खते विकत आणण्यापेक्षा कमी खर्चाचे मार्ग ठरतात.

हेही पाहा

- गांडूळखत
- हिरवळीचे खत
- नाडेप कंपोस्ट
- चोपण जमीन
- पारनेर तालुका