एकशे ब्याण्णव पैंचा रुपया

आम्ही गणित शिकलो ते शाळेत नव्हे, हमालांच्या टोळीत मजुरीची वाटणी करताना. त्यातलेच थोडे आज सांगतो.

शाहू महाराजांनी वसवलेली ही आपली जयसिंगपूरची पेठ. १९५७ पर्यंत येथील वह्यांत रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै असत. १९२ चे मूळ अवयव पाडा : सहा वेळा २ आणि एकदा ३. म्हणून त्याला १४ संख्यांनी निःशेष भाग जातो. रुपया तिघांत वाटला तर प्रत्येकी ५ आणे ४ पै, सहांत वाटला तर २ आणे ८ पै. बाकी शून्य, तंटाही शून्य.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १०० चे अवयव दोन वेळा २ आणि दोन वेळा ५. विभाजक अवघे ९, त्यांत ३ नाही. हिशेब सोपा झाला, पाच जणांची वाटणीही सोयीची झाली, हे आम्ही मान्य करतो. पण तिघांत वाटताना एक पैसा उरू लागला.

त्यातच आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सुट्या आण्याचे मात्र ६ च धरत. समजा, पोत्यामागे आणा हमाली आहे. चार पोत्यांची मजुरी एकदम बदलली तर २५ पैसे, पोत्यागणिक बदलली तर २४. पोती तीच, घामही तोच !

म्हणून दर ठरवताना उरलेला पैसा कोणाच्या पदरात पडणार, हे आधी विचारावे आणि बेरीज झाल्यावरच अपूर्णांक सोडावा.