रेडिओहेडचे रुसलेले श्रोते

कलावंत आपल्या रसिकांचे काय देणे लागतो, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचा निवाडा विद्वानांच्या सभेत क्वचितच होतो. तो बहुधा नाट्यगृहाच्या मागल्या बाकांवर, दुकानाच्या फळीपुढे आणि नियतकालिकांच्या परीक्षणांतून होत असतो. असाच एक खटला २००० सालच्या ऑक्टोबरात इंग्लंडात उभा राहिला. त्या महिन्याच्या २ तारखेस 'रेडिओहेड' ह्या बँडची 'किड ए' नावाची चौथी ध्वनिमुद्रिका तेथे प्रसिद्ध झाली. आणि ज्यांच्या गिटारींवर तरुण पिढीने जीव ओवाळून टाकला होता, त्या मंडळींनी गिटार जवळजवळ खुंटीस टांगली आहे असे श्रोत्यांच्या ध्यानात आले. आज ही ध्वनिमुद्रिका त्या दशकातील श्रेष्ठ कृतींत गणली जाते. त्यामुळे त्या वेळी जे रुसले त्यांना अरसिकांच्या यादीत टाकून मोकळे होण्याची रीत पडली आहे. ही रीत मला न्यायाची वाटत नाही. रुसलेल्यांचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून ह्या प्रकरणाचा इतिहास पुरा होत नाही.

प्रथम पक्षकारांची ओळख करून देणे अवश्य आहे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील एकाच शाळेत शिकणाऱ्या पाच मुलांनी १९८५ साली हा बँड काढला. तालमी शुक्रवारी होत, म्हणून त्याचे पहिले नाव 'ऑन अ फ्रायडे' असे होते. थॉम यॉर्क हा गाणारा. जॉनी ग्रीनवुड व एड ओब्रायन हे गिटारवादक. जॉनीचा वडील बंधू कॉलिन बेस गिटारीवर आणि फिलिप सेलवे तालवाद्यांवर. १९९१ साली ई.एम.आय. कंपनीशी करार झाल्यावर त्यांनी 'रेडिओहेड' हे नाव घेतले. 'इंडी' म्हणजे स्वतंत्र रॉक ह्या पंथात त्यांची गणना होते ती अभिरुचीच्या नात्याने होते. कंपनीच्या नात्याने पाहू गेल्यास ते प्रथमपासूनच एका बड्या पेढीचे आश्रित होते. १९९२ मध्ये निघालेले त्यांचे 'क्रीप' हे गीत मायदेशी आधी पडले आणि परदेश फिरून आल्यावर गाजले. स्वतःस तुच्छ लेखणाऱ्या प्रेमिकाचे ते गाणे. त्यात ध्रुवपदाच्या तोंडाशी जॉनीच्या गिटारीचा जो कर्कश तडाखा बसतो, तो ऐकण्यासाठी लोक गर्दी करीत. पुढे १९९५ साली 'द बेंड्स' आणि १९९७ साली 'ओके कॉम्प्युटर' ह्या ध्वनिमुद्रिका आल्या व कीर्ती जगभर पसरली. ह्या दुसरीच्या नावात संगणक होता खरा, पण तिचा प्राण मुख्यत्वे गिटारीतच होता.

श्रोत्यांस ह्या काळात काय मिळाले, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यांना एक उंच, कापरा, दुःखाने भरलेला गळा मिळाला होता, आणि त्याभोवती तीन गिटारींचा असा एक कोट, की ज्याच्या आत एकाकी माणसास आपण एकटे नाही असे वाटावे. अठरा-वीस वर्षांच्या वयात असे गाणे ज्यास लाभते, तो त्यास करमणूक समजत नाही. ते त्याचे खाजगी धन होऊन बसते.

यॉर्कला मात्र ह्याच धनाचा वीट आला. 'ओके कॉम्प्युटर'च्या निमित्ताने झालेल्या दीर्घ दौऱ्याने तो मनाने खचला. गिटार हाती घेऊन काही सुचेनासे झाले. त्यातच त्याच्या गाण्याची नक्कल करणारे बँड इंग्लंडात निपजू लागले होते. आपलाच हुंदका परक्याच्या गळ्यातून ऐकू यावा ह्यापरते गायकाचे दुर्दैव कोणते? चाल, म्हणजे मधुर स्वरावली, तिचीच त्याला लाज वाटू लागली. हवा होता तो केवळ ताल आणि नाद. ह्या अवस्थेत त्याने 'वॉर्प' ह्या शेफील्डमध्ये जन्मलेल्या छोट्या कंपनीच्या ध्वनिमुद्रिका विकत आणल्या व 'एफेक्स ट्विन', 'ऑटेकर' इत्यादिकांचे यंत्रसंगीत तो ऐकत बसला. त्यात बहुतेक ठिकाणी मनुष्याचा आवाजच नव्हता, आणि तेच त्याला सुखाचे वाटले. ज्याच्या आवाजावर लाखो लोक लुब्ध होते, तो स्वतः आवाज नसलेल्या संगीतात विसावा शोधीत होता. पुढच्या सगळ्या तंट्याचे बीज येथे आहे.

काम १९९९ च्या आरंभी पॅरिसमध्ये सुरू झाले. तेथून कोपनहेगन, नंतर ग्लॉस्टरशायरमधील एक जुना वाडा, आणि अखेरीस ऑक्सफर्डशायरमधील स्वतःचा स्टुडिओ, अशी ही वरात वर्षाहून अधिक काळ फिरत राहिली. ध्वनिमुद्रणाचा सूत्रधार नायजेल गॉडरिच हा पूर्वीचाच होता. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे : पहिले नाराज श्रोते बँडच्या आतच होते. ओब्रायनला ह्या खेपेस लहान, सुटसुटीत, गिटारीची गाणी हवी होती. तीन गिटारींच्या बँडमध्ये गिटारीस काम उरले नाही तर गिटारवाल्यांनी करावे काय, हा प्रश्न त्यांच्या पोटापाण्याचा नसला तरी अभिमानाचा होता. ग्लॉस्टरशायरमध्ये गॉडरिचने मंडळींचे दोन गट पाडले. एकाने नाद निर्माण करावे, दुसऱ्याने वेगळ्या खोलीत त्यांवर संस्कार करावे, अशी ती योजना होती. यॉर्क तर गीताचे शब्ददेखील चिठ्ठ्यांवर लिहून टोपीतून उचलू लागला.

सर्वांत लवकर रमला तो जॉनी ग्रीनवुड. त्याने 'ओंद मार्तनो' नावाचे एक वाद्य पैदा केले. मोरिस मार्तनो ह्या फ्रेंच गृहस्थाने १९२८ साली पॅरिसमध्ये ते प्रथम लोकांपुढे वाजवून दाखविले होते. ऑलिव्हिए मेसियाँ ह्या थोर रचनाकाराने आपल्या 'तुरंगलीला' नामक सिंफनीत त्याचा उपयोग केला आहे. हे नाव त्याने आपल्या संस्कृतातील 'तुरंग' व 'लीला' ह्या दोन शब्दांवरून घेतले, हे वाचकांस मौजेचे वाटेल. जॉनीने पंधराव्या वर्षी ही सिंफनी ऐकली तेव्हापासून ते वाद्य त्याच्या मनात भरले होते. बोटात एक अंगठी घालावयाची, ती तारेच्या आधाराने पट्टीच्या पुढून सरकवावयाची, आणि डाव्या हाताच्या कळीने स्वर लहानमोठा करावयाचा, असे त्याचे तंत्र आहे. म्हणजे त्यात स्वरातून स्वरात अखंड जाता येते. आपल्याकडे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत टिकली; त्या वादात पेटीवर मुख्य आरोप होता तो तिला मींड घेता येत नाही हाच. गंमत अशी की, 'किड ए'तील जे यंत्र ऐकून पुष्कळांस माणुसकी हरपल्यासारखे वाटले, ते विजेवर चालत असले तरी मींड घेणारे होते. गिटारीच्या पडद्यांपेक्षा ते गळ्याला अधिक जवळचे होते.

परंतु हे श्रोत्यास कोण सांगणार? त्याच्या कानी पडले ते असे. पहिल्याच गीतात कळफलकाचे मंद, फिरून फिरून येणारे स्वर, आणि यॉर्कचा आवाज कात्रीने कापून उलटसुलट चिकटविल्यासारखा. दुसऱ्या गीतात तर त्याचे शब्द त्याच ओंद मार्तनोतून गाळून आल्यामुळे माणूस बोलतो की यंत्र, हे कळू नये. मग मध्येच पितळी वाद्यांचा गोंगाट. त्यानंतर तंतुवाद्यांच्या वृंदासह एक शोकगीत, ज्यात जुना यॉर्क क्षणभर भेटतो. लगेच केवळ नादांचे धुके. 'इडिओटेक' ह्या गीताची कथा अशी, की जॉनीने यंत्रांवर सुमारे पन्नास मिनिटांचा खेळ करून ती फीत यॉर्कच्या हवाली केली, आणि त्याने त्यातील एक चिमुकला तुकडा उचलून त्यावर गाणे उभारले. तो तुकडा पॉल लान्स्की ह्या अमेरिकन रचनाकाराने १९७३ साली संगणकावर केलेल्या रचनेचा होता.

प्रकाशनाची तऱ्हाही निराळीच. ह्या ध्वनिमुद्रिकेतील एकही गीत सुटे विक्रीस काढले नाही, चित्रफिती केल्या नाहीत, मुलाखती मोजक्याच दिल्या. युरोपात त्यांनी दहा हजार माणसांचा एक तंबू नेला व कोणत्याही कंपनीची जाहिरात न लावता त्यात प्रयोग केले. मात्र लोक अंधारात राहिले असे नाही. त्या उन्हाळ्यात बार्सिलोनास केलेला कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी 'नॅपस्टर' ह्या फुकट देवघेवीच्या संगणकीय जाळ्यावर चढला, आणि तीन आठवड्यांनी इस्रायलमध्ये मंडळी गाऊ लागली तेव्हा श्रोत्यांस नवी गाणी तोंडपाठ होती, असे कॉलिन ग्रीनवुडने मोठ्या आनंदाने सांगितले आहे. पुढे सबंध ध्वनिमुद्रिकाच प्रकाशनापूर्वी त्या जाळ्यावर फुटली. तरीही पहिल्या आठवड्यात ती इंग्लंडात आणि अमेरिकेत दोन्हीकडे विक्रीत पहिली आली. अमेरिकेत एवढ्या दिवसांत दोन लक्षांहून अधिक प्रती खपल्या. तेव्हा श्रोत्यांनी पाठ फिरविली असे म्हणणाऱ्यास आकडे साथ देत नाहीत. ज्यांनी घेतली त्यांतलेच पुष्कळजण रुसले. घेऊन रुसणे आणि न घेता निघून जाणे ह्यांत फार अंतर आहे.

परीक्षकांत तर तट पडले. शिकागोच्या 'पिचफोर्क' ह्या संगणकीय नियतकालिकाने तीस दहापैकी दहा गुण दिले व स्तुतीची अशी अतिशयोक्ती केली की, ती वाचून हसावे की रडावे हे कळू नये. लंडनच्या 'मेलडी मेकर'मध्ये मार्क बोमाँट ह्याने उलट टोक गाठले. आत्मप्रौढीने फुगलेला रडवा कचरा, अशा अर्थाची त्याची संभावना होती. ह्या दोन्ही परीक्षणांपासून शिकण्याजोगे फार थोडे आहे. शिकावे ते निक हॉर्नबी ह्या कादंबरीकाराने 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहिलेल्या टीकेपासून. त्याचा मुद्दा सारांशाने असा : अशा ध्वनिमुद्रिकेत शिरावयाचे तर सोळा वर्षांच्या मुलाजवळ असते तेवढी फुरसत व तेवढी श्रद्धा हवी, दिवसभर काम करून थकूनभागून घरी येणाऱ्या प्रौढ माणसाने ती कोठून आणावी? पुष्कळांनी ह्यास आळशाची सबब म्हणून उडवून लावले. मला हा आक्षेप गंभीर वाटतो, कारण तो नादाविषयी नसून आयुष्याविषयी आहे. ज्या संगीताने पूर्वी थकलेल्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्यानेच आता परीक्षा घ्यावी, ही त्यातली खरी तक्रार आहे.

यंत्रावरचा राग हे ह्या रुसव्याचे मूळ नव्हते, असे मी म्हणतो ते दोन जुन्या उदाहरणांच्या आधारे. १९६५ च्या जुलैत न्यूपोर्टच्या महोत्सवात बॉब डिलनने विद्युत् गिटार घेतली तेव्हा काहींनी हुर्यो केली. पुढच्या वर्षी १७ मे रोजी मँचेस्टरच्या सभागृहात एकाने त्यास 'जूडास' अशी हाक मारली. जूडास हा ख्रिस्ताचा शत्रू नव्हता, शिष्य होता. शिवी देणाराने शब्द अचूक निवडला होता. दुसरे उदाहरण त्याच मँचेस्टरचे आणि खऱ्याखुऱ्या स्वतंत्र पंथाचे. 'जॉय डिव्हिजन' ह्या बँडचा गायक इयन कर्टिस ह्याने १९८० च्या मे महिन्यात आत्महत्या केली. उरलेल्यांनी 'न्यू ऑर्डर' हे नवे नाव घेतले, आणि १९८३ साली यंत्राच्या तालावर उभारलेले 'ब्ल्यू मंडे' हे गीत काढले. मोठ्या आकाराच्या एकगीती तबकड्यांत त्याच्याइतकी खपलेली दुसरी नाही. तेथे यंत्रे 'किड ए'पेक्षा कमी नव्हती. पण जुने नाव कर्टिसबरोबर मिटले होते. श्रोत्याने रुसावे तर कोणावर? रेडिओहेडचे नाव तेच, माणसे तीच, गळा तोच. फक्त तो गळा हातचा राखून गाऊ लागला होता. दाराला कुलूप असेल तर पाहुणा परत जातो. आत दिवा दिसत असून कोणी दार उघडीत नाही तेव्हाच त्याला राग येतो.

रुसणाऱ्यांच्या हातून एक अन्याय घडला, तोही नोंदविला पाहिजे. 'ट्रीफिंगर्स' ह्या शब्दहीन तुकड्यास लोकांनी निव्वळ यंत्राचे धुके ठरविले; वस्तुतः तो ओब्रायनच्या गिटारवादनावर संस्कार करून यॉर्कने घडविला होता. गिटार गेली म्हणून हळहळणाऱ्यांच्या कानावर गिटारच पडत होती.

पुढे जे झाले ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे, कारण यशाच्या कथा एकमेकींसारख्याच असतात. २००१ साली 'किड ए'ला ग्रॅमी पारितोषिक मिळाले; २००९ मध्ये 'रोलिंग स्टोन' व 'पिचफोर्क' ह्या दोघांनीही तीस दशकातील सर्वश्रेष्ठ ठरविले. 'मेलडी मेकर' हे १९२६ साली निघालेले पत्र मात्र ती निंदा छापून तीन महिने पुरे होण्याच्या आत बंद पडले. बोमाँटने २०१० साली 'गार्डियन'मध्ये आपले मत बदलले नसल्याचे लिहिले. त्याची भाषा मला पूर्वीही आवडली नव्हती, पण सगळा गाव एका बाजूस गेल्यावर आपल्या कानांशी इमान राखणाऱ्या माणसाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. आज 'किड ए' पहिल्यांदा ऐकणारा तरुण तिची थोरवी आधीच ऐकून आलेला असतो. त्याला ती न आवडण्याची मोकळीकच उरलेली नाही; २००० सालच्या श्रोत्याला ती होती, आणि तिच्यामुळे ज्यांना ती अखेरीस आवडली त्यांची आवड स्वतःच्या कमाईची होती.

जून २००१ मध्ये त्याच बैठकांतून उरलेल्या गीतांची 'ॲम्नीझिआक' ही ध्वनिमुद्रिका निघाली, आणि ७ जुलै रोजी मंडळींनी आपल्या गावी, ऑक्सफर्डच्या साउथ पार्क मैदानावर, मोठा जलसा केला. नव्या गाण्यांबरोबर जुनीही झाली. अखेरच्या आग्रहाच्या फेरीत एक गीत चालू असता वाद्ययंत्रात बिघाड होऊन ते बंद पडले. यॉर्क क्षणभर थांबला, आणि मग त्यांनी 'क्रीप' वाजविले.